बोम्मसंद्रा : हृदयरोगी बालकांचे आईवडील आणि त्यांची सोबत

बंगळुरू शहरातून होसूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ वर, इलेक्ट्रॉनिक्स सिटी मागे पडल्यानंतर बोम्मसंद्रा लागते. बंगळुरू नागरी जिल्ह्यातील आनेकल तालुक्याचा हा भाग असून येथे मोठी औद्योगिक वसाहत आहे. अत्तिबेलेच्या पुढे तमिळनाडूची हद्द सुरू होते. १० ऑगस्ट २०२५ रोजी बंगळुरू मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेचे उद्घाटन झाले. आर. व्ही. रोडपासून निघणाऱ्या, सुमारे १९ किलोमीटर लांबीच्या या मार्गिकेचे शेवटचे स्थानक बोम्मसंद्रा हेच आहे.

महाराष्ट्रातील बहुतेकांना हे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. ज्यांना ते ठाऊक असते त्यांच्यापैकी अनेकांच्या बाबतीत ओळख एखाद्या लहान मुलाच्या आजारपणातून झालेली असते. डॉ. देवी शेट्टी यांनी २००० साली स्थापन केलेले नारायण हृदयालय याच वसाहतीत आहे. जन्मजात हृदयदोष असलेल्या बालकांवर तेथे मोठ्या संख्येने शस्त्रक्रिया होतात. कर्नाटकाबरोबरच आंध्र, तेलंगण, पश्चिम बंगाल, आसाम, महाराष्ट्र आणि परदेशांतूनही रुग्ण येतात. या मुलांबरोबर त्यांचे आईवडील येतात, दोनतीन आठवडे परक्या मुलखात राहतात आणि त्या मुदतीत एकमेकांचे आधार बनतात. या आधाराची नोंद केसपेपरवर होत नाही, तथापि मुलाच्या प्रकृतीशी त्याचा संबंध येतो. त्याविषयीची ही माहिती.

प्रथम आजाराविषयी थोडेसे. जन्मलेल्या दर हजार बालकांमागे साधारण आठ ते दहा बालकांच्या हृदयाच्या रचनेत दोष असतो. भारतात अशा बालकांची संख्या वर्षाला दोन लाखांहून अधिक असल्याचा अंदाज असून त्यांपैकी सुमारे एक पंचमांश बालकांना पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया किंवा तत्सम उपचारांची गरज भासते. हृदयाच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र असणे हा यातील नेहमी आढळणारा प्रकार. काही दोषांमध्ये अशुद्ध रक्त शुद्ध रक्तात मिसळते आणि बाळाचे ओठ, नखे निळसर दिसू लागतात. आईच्या लक्षात मात्र प्रथम वेगळ्याच गोष्टी येतात. बाळ दूध पिताना दमते, कपाळावर घाम येतो, चार घोट घेऊन ते सोडून देते, वजन वाढत नाही. मोठे छिद्र वेळेत बंद केले नाही तर फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांवर कायमचा परिणाम होऊ शकतो आणि मग शस्त्रक्रिया करण्याची वेळ निघून जाते. म्हणून हे पालक येतात तेव्हा मूल अवघ्या काही महिन्यांचे असते. पुष्कळदा ते पहिलेच अपत्य असते आणि आईचे बाळंतपणही पुरते ओसरलेले नसते.

बोम्मसंद्र्यातील अशा पालकांपैकी एका दांपत्याकडे २००३ मध्ये दोन देशांचे लक्ष लागले होते. डिसेंबर २००१ मधील संसदेवरील हल्ल्यानंतर बंद पडलेली दिल्ली-लाहोर बससेवा ११ जुलै २००३ रोजी पुन्हा सुरू झाली. त्या पहिल्या बसने लाहोरची अडीच वर्षांची एक मुलगी आपल्या आईवडिलांसह भारतात आली. तिच्या हृदयाला छिद्रे होती. त्याच महिन्यात बोम्मसंद्रा येथे तिच्यावर यशस्वी शस्त्रक्रिया झाली. त्या काळात वृत्तपत्रांनी या घटनेचे वर्णन उभय देशांतील मैत्रीचे प्रतीक असे केले. ते चुकीचे नव्हते, परंतु त्या आईवडिलांना ज्या काळजीने घेरले असेल ती शेजारच्या खाटेवरील बेळगावच्या किंवा बांकुड्याच्या आईवडिलांच्या काळजीहून निराळी असण्याचे कारण नाही. प्रतीकांची बातमी होते, शेजारच्या खाटेची होत नाही.

रुग्णालयाबाहेरचा संसार

मुलाला दाखल करून घेतले की बरोबरच्या माणसांपैकी बहुधा एकालाच, म्हणजे आईला, जवळ राहता येते. वडील, आजी किंवा मामा बाहेर असतात. शस्त्रक्रियेच्या आधी तपासण्यांचे दिवस, नंतर अतिदक्षता विभागातील दिवस, त्यानंतर वॉर्ड आणि शेवटी पहिल्या फेरतपासणीपर्यंतचा मुक्काम असा हिशेब असतो. मध्येच मुलाला ताप किंवा सर्दी झाली तर शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते आणि आठ दिवसांच्या बेताने आलेले कुटुंब पंधरा-वीस दिवस अडकते. यामुळे मोठ्या रुग्णालयांच्या परिसरात एक वेगळीच वस्ती उभी राहते. दिवसाच्या भाड्याने मिळणाऱ्या खोल्या, त्यांत स्वयंपाकाची सोय, औषधांची दुकाने, बंगाली पद्धतीचे जेवण देणाऱ्या खाणावळी, रेल्वेची तिकिटे काढून देणारे. बोम्मसंद्राही याला अपवाद नाही.

या वस्तीतील ओळखी फार साध्या कारणाने होतात. एकाच मजल्यावर चार कुटुंबे असतात आणि कुकर एकीकडेच असतो. कोणी तांदूळ आणलेले असतात, कोणाला बाजार ठाऊक असतो. रात्री अडीच वाजता अतिदक्षता विभागाबाहेर थांबलेल्या दोन वडिलांपैकी एकाने चहा आणला की दुसऱ्याने सकाळी आणायचा, एवढाच करार. पुढे हा करार वाढत जातो. एक जण औषधे आणायला गेला तर दुसऱ्याने नाव पुकारले जाते का याकडे कान ठेवायचा. एकीला दूध काढून देण्यासाठी आत बोलावले की तिच्या मोठ्या मुलाला दुसरीने जेवू घालायचे. वडिलांची रजा संपते व ते गावी परततात, तेव्हा आईच्या हातात शेजारच्या खोलीतील कुटुंबाचा दूरध्वनी क्रमांक असतो आणि तिकडे गावात सासूबाईंच्या उशाशीही तोच क्रमांक लिहून ठेवलेला असतो.

रक्ताची गरज हा आणखी एक प्रसंग. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी रक्त राखून ठेवावे लागते आणि रक्तदाते आणा, असे रुग्णालयाकडून अनेकदा सांगितले जाते. भारत सरकारचे २००२ चे रक्तविषयक धोरण ऐच्छिक रक्तदानावर भर देणारे आहे, तरी नातेवाइकांनी रक्तदाता आणण्याची प्रथा देशात अनेक ठिकाणी टिकून आहे. स्वतःच्या गावी असते तर भाऊ, चुलते, मित्र धावून आले असते. हजार किलोमीटर दूर आलेल्या माणसाने कोणाला आणावे? अशा वेळी शेजारच्या मुलाचे वडील उभे राहतात. आज याने त्याच्या मुलासाठी रक्त द्यायचे, दोन दिवसांनी त्याने याच्या मुलासाठी.

भाषा हा या मैत्रीतील मोठा अडथळा असावा, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात तोडक्यामोडक्या हिंदीवर काम भागते आणि सीमाभागातील मराठी माणसाला येथे अनपेक्षित महत्त्व प्राप्त होते. बेळगाव, निपाणी, बिदर या भागांतील अनेक मराठी कुटुंबांना कन्नड येते, हिंदी येते. कागदावरील कन्नड मजकूर वाचून दाखवण्याचे, रिक्षावाल्याशी बोलण्याचे काम त्यांच्याकडे आपोआप येते. सोलापूर किंवा लातूरहून आलेल्या कुटुंबाला परगावी मराठी ऐकू आली की किती हायसे वाटते, हे निराळे सांगायला नको. परस्परांना हाक मारताना मात्र भाषेचा प्रश्न येत नाही. बायका एकमेकींना ताई, अक्का, दीदी म्हणतात, आणि बहुधा नाव विचारायचे राहूनच जाते. अमक्याची आई, तमक्याचे पप्पा, किंवा सरळ खाटेचा क्रमांक, एवढी ओळख पुरते.

येथे अनुवादकाची एक अडचण नमूद करण्यास हरकत नसावी. अशा आधाराला इंग्रजीत ‘पीअर सपोर्ट’ म्हणतात. शासकीय मराठीत त्याचे ‘समवयस्क साहाय्य’ असे भाषांतर आढळते आणि ते येथे लागू पडत नाही, कारण वयाचा येथे संबंधच नाही. ‘समदुःखी’ हा शब्द जवळचा, पण त्यात केवळ दुःखाचाच वाटा येतो, कुकरचा आणि चहाचा येत नाही. आपल्याकडे आजाऱ्याजवळ कोण आहे असे विचारताना ‘सोबतीला कोण आहे?’ असे म्हणतात. या लेखात ‘सोबत’ हाच शब्द योजला आहे.

आईकडून आईकडे जाणारे ज्ञान

सोबतीतून मिळणारी सर्वांत उपयुक्त गोष्ट म्हणजे माहिती. डॉक्टर आणि परिचारिका सूचना देतातच. परंतु भेदरलेल्या मनःस्थितीत आणि परक्या भाषेत ऐकलेल्या सूचनांपैकी कितीशा ध्यानात राहणार? तीच गोष्ट चार दिवस आधी शस्त्रक्रिया झालेल्या मुलाच्या आईने करून दाखवली की ती विसरत नाही.

उदाहरणार्थ, मुलाला उचलण्याची पद्धत. शस्त्रक्रियेसाठी छातीच्या मधले हाड कापून पुन्हा जोडलेले असते. ते सांधेपर्यंत, म्हणजे साधारण सहा ते आठ आठवडे, मुलाला दोन्ही काखांत हात घालून उचलायचे नसते. एक हात मानेखाली-पाठीखाली आणि दुसरा हात बुडाखाली घेऊन ओंजळीत उचलल्याप्रमाणे उचलायचे असते. घरी गेल्यावर आजोबा, शेजारी, पाहुणे सगळेच मुलाला काखेत धरून वर घेतात. त्यांना कसे थांबवायचे, हेही एक आई दुसरीला सांगते आणि ते कोणत्याही पत्रकात छापलेले नसते.

उपाशी ठेवण्याचा नियमही असाच. भूल देण्यापूर्वी साधारणतः बाहेरचे दूध सहा तास, आईचे दूध चार तास आणि पाणी दोन तास आधी थांबवावे लागते. भुकेने रडणाऱ्या तान्ह्या बाळाला छातीशी न घेता कडेवर ठेवणे हे आईच्या दृष्टीने अत्यंत कठीण काम असते. अशा वेळी बाळाला दुसऱ्या कोणाच्या कडेवर द्यावे, कारण आईच्या अंगाच्या वासाने ते अधिक रडते, हा सल्ला अनुभवाचा. ते ‘दुसरे कोणी’ पुष्कळदा शेजारच्या खाटेवरील बाईच असते.

निळसर पडणाऱ्या काही बालकांना अचानक धाप लागून ती अधिकच निळी पडतात. अशा वेळी मुलाचे गुडघे पोटाशी-छातीशी दाबून धरावेत आणि तातडीने वैद्यकीय मदत मिळवावी, हे प्रत्येक आईला शिकवले जाते. हा प्रकार ज्या स्त्रीने एकदा निभावला आहे तिच्या तोंडून ते ऐकणे आणि कागदावर वाचणे यांत अंतर आहे.

माहितीखेरीज आणखी एक ओझे या सोबतीत हलके होते. ते दोषाचे. मूल आजारी जन्मले की बोट आईकडे वळते. ग्रहणात भाजी चिरली असेल, वेळी-अवेळी बाहेर गेली असेल, माहेरच्या घराण्यातच काही असेल, ही बोलणी महाराष्ट्रात आणि कर्नाटकात सारखीच ऐकू येतात. ग्रहणाचा आणि हृदयाच्या रचनेचा काहीही संबंध नाही. बहुसंख्य बालकांच्या बाबतीत दोषाचे एकच एक कारण सांगता येत नाही. काही वेळा गुणसूत्रांतील बदल, गरोदरपणातील रुबेलाचा संसर्ग किंवा आईचा मधुमेह यांचा संबंध आढळतो आणि जवळच्या नात्यातील विवाहाने धोका काहीसा वाढतो. आपल्या गावात अशा मुलाची आई एकटीच असते. येथे एका वॉर्डात तशा वीस जणी असतात. त्यांच्यात ग्रहण पाळणाऱ्या असतात, न पाळणाऱ्या असतात, मुस्लिम असतात, ख्रिस्ती असतात. मग सासरच्या बोलण्यातील जोर आपोआप ओसरतो. वडिलांचे निराळेच असते. ते आपापसात पैशांविषयी, कोणत्या योजनेत कोणता कागद लागतो याविषयी बोलतात आणि त्या आडूनच मुलाविषयी बोलतात.

मर्यादा

या संबंधांचे कौतुक करताना त्यांतील धोके नजरेआड करता येत नाहीत. पहिला धोका औषधांचा. दोन मुलांना एकाच नावाचे औषध दिले जात असले तरी त्याची मात्रा मुलाच्या वजनानुसार ठरते आणि हृदयविकाराच्या काही औषधांमध्ये योग्य मात्रा व घातक मात्रा यांतील अंतर फार थोडे असते. औषध संपले म्हणून शेजारणीकडून घेणे, किंवा ‘आमच्या डॉक्टरांनी बंद केले, तुम्हीही बंद करा’ असे सांगणे, यांमुळे मुलाच्या जिवावर बेतू शकते. दुसरा धोका तुलनेचा. ‘तिचे मूल पाचव्या दिवशी घरी गेले, आमचे बारा दिवस झाले तरी नळीवरच’ हा हिशेब प्रत्येक जण मनात करतो. दोष वेगळा, वय वेगळे, वजन वेगळे, हे समजत असूनही करतो. तिसरा संसर्गाचा. शस्त्रक्रियेस आलेल्या मुलांना एकत्र खेळवणे, एकाच भांड्यातून भरवणे, सर्दी झालेल्या माणसाने मूल घेणे टाळावेच लागते. मैत्री जुळली की ‘नको’ म्हणणे जड जाते.

आणि सर्वच मुले घरी जात नाहीत. एखादे मूल दगावते तेव्हा वॉर्डातील इतर आईवडिलांची फार विचित्र अवस्था होते. कालपर्यंत एका ताटात जेवलेली माणसे त्या कुटुंबासमोर जाण्यास कचरतात. आपले मूल जिवंत आहे याचा संकोच, आणि मृत्यूची सावली आपल्या मुलावर पडू नये ही भीतीही. काही जण तोंड फिरवतात आणि पुढे कित्येक वर्षे त्याची खंत बाळगतात. दुसरीकडे, परगावी मृत्यूचे कागद, शववाहिका, आडव्या-तिडव्या मार्गाने गावापर्यंतचा प्रवास हे सारे पार पाडण्यात जे पुढे होतात तेही याच सोबतीतील लोक असतात. त्या कुटुंबाचा क्रमांक भ्रमणध्वनीत तसाच राहतो. त्यावर दूरध्वनी करावा की नाही, याचे उत्तर सापडत नाही.

जुनी परंपरा आणि नवे प्रयोग

आजारी मुलाजवळ आईने राहावे ही गोष्ट आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते की तिच्यासाठी कोठे लढा द्यावा लागला असेल असे मनातही येत नाही. इंग्लंडमध्ये मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रुग्णालयातील बालकांना भेटण्यास आईवडिलांना ठरावीक वेळीच आणि तीही फार थोडी मुभा असे. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये दोन वर्षांच्या एका मुलीच्या रुग्णालयातील दिवसांवर चित्रपट काढला व तिची होणारी तगमग दाखवली. १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालाने पालकांना मुक्त प्रवेश देण्याची शिफारस केली. शिफारस झाली तरी वॉर्डांची दारे लगेच उघडली नाहीत. तेव्हा लंडनमधील काही मातांनी १९६१ मध्ये एकत्र येऊन त्यासाठी संघटना काढली. अमेरिकेत बोस्टन येथे डॉ. ड्वाइट हार्कन यांच्या रुग्णांनी १९५१ मध्ये ‘मेंडेड हार्ट्‌स’ ही संस्था सुरू केली. शस्त्रक्रिया झालेल्याने ती व्हायची असलेल्या माणसाला भेटावे, एवढेच तिचे मूळ काम होते.

महाराष्ट्रात हे काम धर्मशाळांनी केले. परगावच्या रुग्णांच्या आप्तांना डोके टेकायला जागा हवी हे गाडगे महाराजांनी ओळखले. दादर येथील त्यांच्या नावाची धर्मशाळा टाटा रुग्णालयात येणाऱ्या कुटुंबांना आजही आसरा देते. परळला नाना पालकर स्मृती समिती आहे. मुंबईतच २००६ मध्ये सुरू झालेल्या सेंट ज्यूड केंद्रांमध्ये कर्करोगग्रस्त बालकांच्या कुटुंबांना स्वतंत्र खोली मिळते, स्वयंपाकघर मात्र सामाईक असते. सामाईक स्वयंपाकघरातून काय घडते हे वर आलेच आहे.

नारायण हृदयालयातील या गर्दीकडे २०१२ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या काही विद्यार्थ्यांचे लक्ष गेले. तासन्‌तास थांबलेल्या, काहीतरी करण्यास उत्सुक पण काय करावे हे न कळणाऱ्या नातेवाइकांना शुश्रूषेचे रीतसर शिक्षण द्यावे, अशी कल्पना त्यातून निघाली. परिचारिकांनी नातेवाइकांचे वर्ग घ्यायचे, धोक्याची लक्षणे ओळखण्यास शिकवायचे, जखम, आहार, हात धुणे यांची प्रात्यक्षिके करायची. या कामातून ‘नूरा हेल्थ’ ही संस्था उभी राहिली आणि पुढे कर्नाटक, पंजाब, मध्य प्रदेश, महाराष्ट्र येथील शासकीय रुग्णालयांतही असे वर्ग सुरू झाले. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांना जे दिसले ते येथल्यांना दिसत नव्हते असे नाही. त्याला शिक्षण म्हणावे असे कोणाला सुचले नव्हते, इतकेच.

गावी परतल्यानंतर

पालकांना बोम्मसंद्र्यापर्यंत यावे लागू नये, किंवा यावे लागलेच तर वेळेत यावे, यासाठी आता सरकारी व्यवस्था आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रात पालघर येथे झाला. त्याअंतर्गत फिरती वैद्यकीय पथके अंगणवाड्यांतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करतात. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांचा यात समावेश असून जन्मजात हृदयदोष आढळल्यास पुढील उपचारांसाठी पाठवले जाते. महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये सुरू झाली. तिचे नाव २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे झाले. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ पासून आहे.

या योजनांची नावे अनेक पालकांना प्रथम कळतात ती बोम्मसंद्र्यातून परतलेल्या दुसऱ्या पालकांकडून. अंगणवाडी सेविका किंवा आशा कार्यकर्ती एखाद्या घाबरलेल्या आईला सांगते, ‘पलीकडच्या वाडीतल्या अमक्याच्या मुलाचे झाले आहे, त्यांच्याशी बोला.’ मग ते वडील फाइल घेऊन बसतात. कोणती गाडी सोयीची, मुलाचे आणि आईचे आधार कार्ड, शिधापत्रिका व जन्माचा दाखला यांच्या किती प्रती न्याव्यात, इकोचा जुना अहवाल का टाकू नये, पहिल्या दिवशी किती वाजता रांगेत उभे राहावे. पाळणा, दुपटी, स्टील डबा, दोरी, चार्जर अशी यादीही होते. पूर्वी मॅजेस्टिक बसस्थानकावरून होसूर रस्त्याने, सिल्क बोर्डच्या कोंडीतून बस कशी गाठावी हे ते समजावून सांगत. ऑगस्ट २०२५ नंतर त्या सूचनेत मेट्रोची भर पडली आहे.

शस्त्रक्रियेनंतरची फेरतपासणी प्रथम काही आठवड्यांनी, मग काही महिन्यांनी आणि त्यानंतर वर्षातून एकदा, अशी दोषाच्या प्रकारानुसार ठरते. शक्य असेल तेव्हा दोन-तीन कुटुंबे एकाच दिवसाची वेळ मागून घेतात, म्हणजे खोलीचे भाडे वाटून घेता येते. मुले एव्हाना चालू लागलेली असतात आणि इकोच्या खोलीबाहेरील बाकांमधून पळत असतात. त्यांना एकमेकांची आठवण असण्याचा प्रश्नच नसतो. आया मात्र छातीवरील व्रण कोणाचा किती पुसट झाला हे आधी पाहतात आणि मग डबे उघडतात.